साउंडबार घेताना वॅट शेवटी पाहा, जोडणी आधी

टीव्हीचा आवाज तीसवर नेला तरी मालिकेतलं बोलणं नीट कळत नाही आणि मध्येच जाहिरात लागली की कानठळ्या बसतात. मग रिमोट हातातून सुटतच नाही. या त्रासाला कंटाळून साउंडबार घ्यायचं ठरतं, आणि दुकानात किंवा ऑनलाइन विक्रीच्या पानावर पोचल्यावर गोंधळ आणखी वाढतो. एक बार १२० वॅटचा, शेजारचा २०० वॅटचा आणि तरी स्वस्त. एकावर २.१ लिहिलेलं, दुसऱ्यावर ५.१, तिसऱ्यावर डॉल्बी ॲटमॉस. यातलं नेमकं काय पाहून पैसे मोजायचे, हा प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. पाच ते वीस हजार रुपयांच्या बजेटसाठी माझं मत स्पष्ट आहे. वॅट आणि चॅनेलचे आकडे सर्वांत शेवटी पाहावेत. त्याआधी माणसाचं बोलणं त्या बारमधून किती स्वच्छ येतं ते ऐकावं, आणि त्याच्याही आधी तो बार तुमच्या टीव्हीला कसा जोडला जाणार आहे याची खात्री करावी. दुकानात नेमकं याच्या उलट क्रमाने सगळं सांगितलं जातं, म्हणून हा क्रम थोडा सविस्तर मांडतो.

खरेदीआधी टीव्हीचीच सेटिंग्ज पाहा

टीव्ही पातळ होत गेले तशी स्पीकरला समोर तोंड करून बसायला जागा उरली नाही. आजच्या बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात आणि त्यांचा आवाज भिंतीवर, टेबलावर आपटून तुमच्यापर्यंत येतो. बातम्यांत आकडा सात होता की साठ, हे कळण्यासाठी कानाला व्यंजनाचा तो बारीकसा स्फोट ऐकू यावा लागतो. हा स्फोट काही हजार हर्ट्झच्या उंच पट्ट्यात असतो, त्याची ताकद स्वरांपेक्षा कितीतरी कमी असते, आणि भिंतीवरून परतताना, फरशीवर घुमताना, पंख्याच्या घरघरीत तोच आधी हरवतो. आवाज वाढवला की स्वर मोठे होतात, पण व्यंजनं तशीच पुसट राहतात. ‘आवाज आहे पण कळत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

म्हणून एक संध्याकाळ टीव्हीच्या मेनूत घालवा. ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा अशाच नावाचा पर्याय सुरू करा, ‘सराउंड’चे कृत्रिम परिणाम बंद करा, इक्वलायझरमध्ये खालचे सूर थोडे उतरवा, आणि जाहिरातींचा त्रास असेल तर आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारा पर्याय वापरून पाहा. खोली अगदी रिकामी आणि टाइल्सची असेल तर जाड पडदा आणि खाली सतरंजी यांनीही बोलणं स्पष्ट होतं. एवढ्याने भागत असेल तर खर्च वाचला. घरात एकाच व्यक्तीला, विशेषतः वयस्कर माणसाला, ऐकू येत नसेल आणि बाकीच्यांना येत असेल, तर आधी श्रवणतपासणी करून घ्यावी. कमी झालेल्या श्रवणशक्तीवर साउंडबार हा उपचार नाही, आणि तो घेतल्यामुळे तपासणी लांबणीवर पडू नये.

जोडणी: सर्वाधिक फसगत इथे होते

टीव्हीच्या मागच्या बाजूला टॉर्च लावून पाहा. एचडीएमआयच्या दोन-तीन खाचांपैकी एकीजवळ एआरसी ही अक्षरं छापलेली असतील, तर निम्मं काम झालं. एआरसी म्हणजे त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट दिशेने बारकडे पाठवण्याची सोय. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीत ती आली, त्यामुळे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या बऱ्याच टीव्हींवर ती सापडते. सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत जसा आहे तसा राहू द्यायचा. टीव्हीवर जे काही लागेल, केबल असो की ओटीटी, त्याचा आवाज बारमधून येतो. टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीबरोबर बारही बंद-सुरू होतो. घरात आजी-आजोबा असतील तर दोन रिमोट सांभाळावे न लागणं ही सोय शंभर जास्तीच्या वॅटपेक्षा मोलाची आहे.

मात्र त्यासाठी टीव्हीच्या मेनूत सीईसी हा पर्याय सुरू असावा लागतो. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. बार जोडूनही आवाज येत नाही म्हणून तो परत पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. सीईसी सुरू आहे का, ही पहिली. टीव्हीचा डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर ठेवलेला आहे का, ही दुसरी. अनेक स्वस्त बारना डॉल्बीचा सांकेतिक प्रवाह उलगडता येत नाही, त्यामुळे टीव्ही तो पाठवत असेल तर बार गप्प राहतो. पीसीएम निवडलं की तोच बार बोलू लागतो.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल हा दुसरा चांगला पर्याय. आवाजाच्या दर्जात तो कमी नाही, पण आवाज कमी-जास्त करायला बहुधा बारचाच रिमोट लागतो. जुन्या टीव्हीला फक्त हेडफोनची खाच किंवा लाल-पांढऱ्या पिना असतील तर ऑक्स केबल चालते, मात्र तशी खाच बारला आहे का ते पाहून घ्या. हल्ली काही बारमधून ती गायब झाली आहे. राहिलं ब्लूटूथ. विक्रेते त्यावर भर देतात, कारण वायर नको असते. फोनवरून गाणी ऐकायला ते उत्तम आहे, टीव्हीसाठी मात्र त्याला शेवटची पसंती द्या. ब्लूटूथने येणारा आवाज साधारण एक-दोन दशांश सेकंद मागे राहतो, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला की तो फरक माणसाच्या लक्षात येऊ लागतो. ओठ आणि शब्द जुळत नाहीत तेव्हा बोलणं कळायला आणखी जड जातं, म्हणजे ज्यासाठी पैसे घातले तेच साधत नाही.

वॅटचा आकडा कसा वाचायचा

‘जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला आवाज’ हा समज चुकीचा आहे, आणि तो साध्या हिशेबाने दूर होतो. वॅट दुप्पट केले तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. हा फरक कळतो, पण बेताचाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट वॅटची, गरज असते. त्यामुळे ८० आणि १६० वॅटच्या दोन बारमध्ये कागदावर दिसणारी तफावत दिवाणखान्यात तेवढी उरत नाही. नेहमीच्या आवाजात टीव्ही पाहताना तर मोजकेच वॅट वापरले जातात.

शिवाय तो आकडा कशाचा आहे हेही पाहावं लागतं. पीएमपीओ लिहिलं असेल तर त्याला काहीच आधार नाही. तो मोजण्याची कोणतीही मान्य पद्धत नाही. आरएमएस हा सलग देता येणाऱ्या ताकदीचा आकडा असतो. पण तोही आवाज बऱ्यापैकी फाटू देऊन, म्हणजे १० टक्के विकृती धरून, मोजला तर फुगतो. ही समस्या फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ सालीच ॲम्प्लिफायरच्या वॅटबद्दलच्या जाहिरातींसाठी नियम करावा लागला होता.

तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक तपासणी आहे. बारबरोबर काळा ॲडॅप्टर येत असेल तर त्यावरचा ‘आउटपुट’ वाचा. समजा तिथे १८ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं आहे. दोन्हींचा गुणाकार ३६. म्हणजे त्या बारला सलग ३६ वॅटपेक्षा जास्त ताकद देताच येणार नाही, मग खोक्यावर १२० लिहिलेलं असो की २००. यावर कुणी म्हणेल की संगीतातले ठोके क्षणभराचे असतात आणि तेवढी जास्तीची ताकद आतल्या कपॅसिटरमध्ये साठवता येते. हे खरं आहे. पण मग तो आकडा क्षणभराचा आहे असंही खोक्यावर लिहायला हवं. ज्या बारमध्ये ॲडॅप्टर नसून थेट विजेची वायर असते, त्यांच्या पाठीवरच्या वीजवापराच्या आकड्याला मात्र हा हिशेब लावू नका. तो बहुधा नेहमीच्या वापरातला सरासरी आकडा असतो, कमाल मर्यादा नव्हे.

२.१, ३.१, ५.१ आणि ॲटमॉस

पहिला आकडा तुमच्या समोर-बाजूच्या चॅनेलचा, दुसरा सबवूफरचा, आणि तिसरा असेलच तर वरून येणाऱ्या आवाजाचा. चित्रपट आणि मालिकांत संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर ठेवतात. दोनच चॅनेलच्या बारमध्ये तो आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमधून सारखा सोडून मध्यभागाचा आभास केला जातो. हा आभास अगदी समोर बसलेल्याला नीट जाणवतो, पण आपल्या घरांत चौघं-पाचजण भिंतीकडेच्या दिवाणावर, खुर्चीवर, जमिनीवर विखरून बसतात. म्हणून बजेट थोडं ताणता आलं तर स्वतंत्र मधला स्पीकर असलेला ३.१ बार संवादांसाठी सर्वांत उपयोगी. पण या किमतीत असे बार थोडे आहेत.

५.१ लिहिलेलं दिसलं की एकच प्रश्न विचारा: मागचे दोन स्पीकर वेगळे येतात का? सोनीच्या एचटी-एस२०आर या संचात ते येतात आणि वायरने जोडावे लागतात, म्हणजे सोफ्यामागे जागा आणि भिंतीकडेने वायर न्यायची तयारी हवी. वेगळे स्पीकर नसतील तर तो आवाज आभासी आहे. ॲटमॉसचंही तसंच. या बजेटमध्ये त्याचा अर्थ बहुधा एवढाच की बारला ॲटमॉसचा प्रवाह ओळखता येतो. वरच्या दिशेने आवाज सोडणारे खरे स्पीकर असले तरी त्यांना आवाज परतवायला सपाट छत लागतं. कौलारू किंवा उतरत्या पत्र्याच्या छताखाली तो पैसा वाया जातो. आणि यूट्यूबवर किंवा गाण्यांच्या ॲपवर तुम्ही जे ऐकता ते बहुतांश दोनच चॅनेलचं असतं, हेही लक्षात घ्या.

गाण्यांसाठी बार पुरतो का?

इथे साउंडबारची मर्यादा मान्य करावीच लागेल. स्टिरिओचा आनंद घ्यायला दोन स्पीकर ऐकणाऱ्याशी साधारण ६० अंशांचा कोन करून असावेत असं मानतात. बारमधले दोन टोकांचे स्पीकर ८० सेंटिमीटर अंतरावर असतील आणि तुम्ही अडीच मीटरवर बसला असाल, तर हा कोन भरतो जेमतेम १८ अंश. तंबोरा डावीकडे, व्हायोलिन उजवीकडे ही मांडणी एकाच जागी गोळा होते. त्यामुळे गाणं ही तुमची पहिली गरज असेल आणि टीव्ही दुसरी, तर त्याच पैशांत ॲम्प्लिफायर आतच असलेले, म्हणजे पॉवर्ड, बुकशेल्फ स्पीकर घ्या. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ते ठेवता येतात, आणि काहींना ऑप्टिकलची किंवा एआरसीची खाचही असते. मात्र घरात जुनी गाणी जास्त ऐकली जात असतील तर हा तोटा फारसा जाणवणार नाही. १९६०च्या दशकापर्यंतची बहुतेक चित्रपटगीतं आणि भावगीतं मोनोतच ध्वनिमुद्रित झालेली आहेत. त्यांना स्वच्छ मधला पट्टा लागतो, जिथे गायकाचा गळा, हार्मोनियम आणि बासरी असते.

सबवूफरबद्दल थोडं थांबून विचार करा. लहान बारमधल्या छोट्या स्पीकरना खालचे सूर पेलत नाहीत, त्यामुळे पखवाजाचा किंवा डग्ग्याचा भरणा हवा असेल तर सबवूफर हवाच. पण स्वस्त सबवूफरचा मोठा दोष असा की तो प्रत्येक खालच्या सुराला एकाच सुरात उत्तर देतो. याची परीक्षा तबल्यावर करा. वादक मनगट दाबून डग्ग्याचा सूर चढवतो-उतरवतो, तो घुमारा सरकत जाताना ऐकू आला पाहिजे. प्रत्येक वेळी नुसता ‘धप्प’ एवढाच आवाज येत असेल तर तो सबवूफर खोली हलवेल, पण तबला ऐकवणार नाही, आणि पुरुषांच्या आवाजावरही त्याच घुमण्याचा थर चढवेल. ‘वायरलेस’ सबवूफरलाही विजेची वायर लागतेच, तेव्हा त्याच्या जागेजवळ प्लग आहे का ते पाहा.

दुकानात ऐकताना

पेनड्राइव्हमध्ये आपल्या ओळखीचा आवाज घेऊन जा. दुकानदाराची खास क्लिप धडाक्याची निवडलेली असते. बारचा यूएसबी पोर्ट फक्त अपडेटपुरता असेल तर तीच फाइल फोनवरून लावा.

- बातम्यांतलं निवेदन, एखादा पुरुषाचा खर्जातला संवाद आणि तबल्यासह एक गाणं, एवढं पुरे.
- दोन बार ताडताना आवाजाची पातळी सारखी करा. किंचित मोठा वाजणारा बार कानाला आपोआप चांगला वाटतो, आणि चुकीची निवड होते ती यामुळेच.
- ‘मूव्ही’, ‘थ्रीडी’ असे मोड बंद करून ऐका. नंतर ‘व्हॉइस’ किंवा ‘न्यूज’ मोड लावून बोलणं खरंच स्पष्ट होतं का ते पाहा.
- समोरून ऐकून झालं की बाजूला सरकून ऐका.
- एकदा आवाज अगदी कमी करा. रात्री मुलं झोपल्यावर तुम्ही त्याच आवाजात ऐकणार आहात.

ऑनलाइन घेत असाल तर हे सगळं परत करण्याच्या मुदतीत घरी करा, आणि ती मुदत किती दिवसांची आहे व पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतं, हे ऑर्डर देण्याआधी वाचा. स्वस्त ब्रँड घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पाच हजारांच्या आसपासचा, एआरसी असलेला साधा दोन स्पीकरांचा बारही टीव्हीच्या स्पीकरपेक्षा बोलणं स्वच्छ ऐकवू शकतो, कारण त्याचं तोंड तुमच्याकडे असतं. फक्त तुमच्या पिनकोडला दुरुस्तीची सोय कुठे आहे ते कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारून घ्या. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला बार शंभर किलोमीटरवर पाठवावा लागणार असेल तर वाचलेले हजार रुपये तिथेच खर्च होतील.

घरी मांडताना

बार शोकेसच्या खणात ढकलू नका. टेबलाच्या पुढच्या कडेला, टीव्हीखाली, बसलेल्याच्या कानाच्या उंचीजवळ ठेवा, आणि टीव्हीचा रिमोट-सेन्सर झाकला जात नाही ना ते पाहा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर वाढतात, पण घुमूही लागतात, म्हणून भिंतीपासून थोडा सुटा ठेवून सुरुवात करा. फ्लॅटमध्ये त्याच्याखाली रबराचा जाड तुकडा घाला, कारण खालच्या मजल्यावर पोचते ती स्लॅबमधून जाणारी थरथर. रात्री ‘नाइट मोड’ लावला की मोठे आवाज दबतात आणि बोलणं वर येतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढू नये असं बंधन आहे.

बिघाड किंवा फसवणूक झाल्यास

पक्कं बिल घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीदेखील तशीच प्रथा, आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ३० दिवस धरतो. म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ सदोष बारच्या बाबतीत तुमच्या आड येत नाही. ऑनलाइन विक्रेत्यांना तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी बांधलं आहे: वस्तू सदोष असेल किंवा पानावरच्या वर्णनाशी जुळत नसेल, तर ती परत घेणं त्यांना नाकारता येत नाही. पानावर एचडीएमआय एआरसी लिहिलं होतं आणि बारला फक्त ब्लूटूथ व ऑक्स निघालं, तर हा नियम नेमका तुमच्यासाठी आहे. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण वर्णन नंतर बदललं जाऊ शकतं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ कायद्याने सक्तीचा नाही, पण फुटका किंवा भलताच माल आला तर वाद लवकर मिटतो.

तक्रार आधी विक्रेत्याकडे आणि कंपनीकडे लेखी करा. ईमेल चालतो, नुसता फोन पुरेसा नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा. त्यानेही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि विक्रेता दिल्लीचा असो की बंगळुरूचा, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. बिल, वॉरंटी कार्ड, स्क्रीनशॉट आणि पत्रव्यवहार तोवर एका फाइलमध्ये ठेवा, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं व थर्माकोल टाकू नका.